अंगावरचं माप

५ मार्च, दुकानातून

तुला पत्र लिहायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं. आपण एकाच खोलीत दोन मशिनींवर बसून संसार केलेली माणसं. माझ्या हातची चिठ्ठी तू पाहिली असशील ती गिऱ्हाइकाच्या कापडाला टाचलेली, "कंबर सैल, बाही आखूड" वगैरे. पण ताईकडे फोन केला की ताईच उचलते आणि "ती झोपलीय" म्हणते. सकाळी झोपलीय, दुपारी झोपलीय, दिवेलागणीलाही झोपलीय. तुझी बहीण आहे म्हणून मी काही बोलत नाही, पण खोटं बोलायचं तर माणसाने जरा वेगवेगळं बोलावं.

बारकी बरी आहे. हे आधी सांगतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. कापायच्या टेबलाखाली टोपलीत झोपवलीय. बाटली सगळी संपवते आणि वर माझ्याकडे असं बघते की मीच अर्धी प्यालो.

काल तिला नवं प्लास्टर घातलं. दोन्ही पायांना, बोटांपासून पार जांघेपर्यंत, पहिल्यासारखंच. मोजायचं तर चौथं, पण खरं म्हणजे तिसरंच पुन्हा. दवाखान्यातल्या प्लास्टरवाल्या काकांनी तिचा पाय हातात घेतला आणि तिथेच थांबले. "हे कधी सोडवलं?" मी म्हणालो, आदल्या संध्याकाळी. "घरी? सांगितलं होतं ना, इथेच सोडवायचं आणि लगेच पुढचं घालायचं? एक रात्र मोकळा राहिला की पाय परत आत वळतो. आठवडा फुकट गेला." मी म्हणालो, चुकलं, मीच सोडवलं. उपकार म्हणून सांगत नाही. बाकावर सगळे आईबाप कान टवकारून बसले होते आणि मला तमाशा नको होता.

तू पाण्यात भिजवून सोडवलेली प्लास्टरची बँडेजं मोरीत सापडली. गुंडाळ्या करून ठेवलेल्या, उसवलेला दोरा ठेवतेस तशा. एकही फाटलेली नाही. दवाखान्यात बायका ओढून ओढून चिंध्या करतात. तुझ्यासारखं उसवणारं माणूस मी अजून पाहिलं नाही, हे मी रागात असूनही लिहितोय. राग आहे, हे माहीत असू दे.

कात्री इथेच विसरलीस. टेप मात्र गळ्यात तशीच लटकत होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तुला जिन्यात पाहिलं. त्यांना वाटलं, कुणाचं तरी माप घ्यायला निघालीस.


१३ मार्च

पाचवं झालं. पाय थोडा बाहेर आला म्हणे. मला काही दिसत नाही, पण काका खूश होते.

आता त्या संध्याकाळचं लिहितो. गेल्या पत्रात टाळलं, कारण वाटलं, आधी तू काहीतरी लिहिशील. तू कसली लिहितेस.

तुझ्या डोक्यात जे बसलं होतं ते तू फक्त मला सांगितलं होतंस. ताईला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही. बारकी जन्मली, तिची दोन्ही पावलं आत वळलेली दिसली, आणि तू भिंतीकडे तोंड केलंस. तिला घेतलं नाहीस, पाजलं नाहीस, दूध आटलं. एकदाच म्हणालीस, "मी नऊ महिने पायडल मारत होते. माझे पाय हलत होते आणि आत तिचे वळत होते." मी तेव्हा हसून नेलं. आणि त्या संध्याकाळी दुकानातून आत आलो, बघतो तर तू घमेल्यात पाणी घेऊन बसलेली, प्लास्टर गायब, पोरीचे पाय उघडे. माझ्या डोक्यात सणक गेली. आणि मी नेमकं तेच उचलून तुझ्या तोंडावर मारलं. "पोटात होती तेव्हा पायडल मारून वाकडे केलेस, तेवढ्याने भागलं नाही का?"

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला नसू दे, पण मला तरी अक्कल हवी होती. तू पोरीचे पाय टॉवेलने टिपलेस, एकेका बोटाच्या मधून, तिला माझ्या हातात दिलीस आणि पिशवी उचललीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं गं.

काल डॉक्टरीणबाईंना विचारलं. तुझं नाव न घेता विचारणार होतो, पण त्यांना काय कळत नाही? म्हणाल्या, याचा मशिनीशी काही संबंध नाही. कशाने होतं ते नक्की कुणालाच सांगता येत नाही, पण पायडलने होत नाही. म्हणाल्या, "मशीन चालवणाऱ्या बायकांची सगळी मुलं अशी झाली असती, तर मला जेवायला वेळ मिळाला नसता." आणि घरी प्लास्टर सोडवण्याबद्दल म्हणाल्या, पुष्कळ जण करतात, गेला एक आठवडा, पायाचं काही बिघडलं नाही. एका आठवड्यासाठी मी तुला काय बोललो बघ.

डॉक्टरांनी सांगितलंय हे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर, त्यांच्यावर ठेव.


२२ मार्च

बसमध्ये सगळे विचारतात, "अगं बाई, एवढ्याशा जिवाला काय झालं?" आधी मी सगळं नीट सांगायचो. जन्मतः आहे, दर आठवड्याला थोडं थोडं वळवून प्लास्टर घालतात, होईल सरळ. मग लोक च्च च्च करतात आणि उतरेपर्यंत बघत राहतात. परवा एकाला म्हणालो, "स्कूटरवरून पडली. ऐकत नाही, जोरात चालवते." तो बिचारा खरं समजून माझ्याकडे असा बघायला लागला की मीच एक स्टॉप आधी उतरलो.

हसलीस का? थोडीशी तरी?

आता दुसरं सांगतो. शाळांच्या गणवेशांचं काम आलंय, मान वर करायला सवड नाही. शुक्रवारी दिवसभर मी मशिनीवर होतो. ती रडत होती. मी एका पायाने टोपली हलवत होतो आणि दुसऱ्याने पायडल मारत होतो. संध्याकाळी दुपटं बदलायला उचलली तर डाव्या प्लास्टरमधून बोटंच दिसेनात. पाय आतल्या आत वर सरकला होता. एरवी तासातासाला बोटं बघायची, दाबून पांढरी होतात आणि परत गुलाबी होतात ना ते बघायचं, हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेला मी. कोमट पाण्यात बसवली आणि सोडवायला गेलो तर टोकच सापडेना. नखं घातली, दात लावले. आणि तोंडातून काय निघालं माहीत आहे? तुझी हाक. मोठ्याने. तू आत असल्यासारखी.

सापडलं टोक. बोटं सुजली होती, थोडी निळसर. तशीच घेऊन धावलो, त्यांनी लगेच नवं घातलं. कुणी मला रागावलं नाही. घरी आलो, गणवेशांचा गठ्ठा तसाच होता आणि मला कुणी काही बोललं नव्हतं. माझ्या चुकीला कुणी बोललं नाही, तुझ्या चुकीला मी बोललो. हे मला गिळवत नाहीये.

तुझ्या मशिनीवर मी चादर टाकून ठेवलीय. घाई असली तरी ती वापरत नाही.


२ एप्रिल

काल टाचेमागची शीर कापली.

घाबरू नकोस, ते ठरलेलंच होतं. पाय बाहेर वळला, पण टाच खाली येत नव्हती, म्हणून बारीकसा छेद देतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापलेली शीर आपोआप जुळते, आणि जुळताना लांब होऊन जुळते. मला पटेना. कापलेलं आपोआप जुळत असतं तर तू आणि मी उपाशी मेलो असतो. पण त्या म्हणतात तर जुळेल.

मला बाहेर बसवलं. आधी तिचा आवाज येत होता, तोपर्यंत ठीक होतं. मग आवाज थांबला. खिशात खडू होता, तो कधी चुरला कळलं नाही, पॅन्ट आतून पांढरी झाली. शेजारी एक जोडपं होतं, त्यांचंही बाळ आत. ती बाई नवऱ्याच्या दंडाला धरून बसली होती. मी माझ्याच पिशवीला धरून बसलो. मग रडलो. लाज वाटली, पण रडलो. त्या नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे बघत राहिला. भला माणूस.

आता हे शेवटचं प्लास्टर तीन आठवडे राहील. बावीस तारखेला सकाळी निघेल. तू ये. एवढंच मागतो. माझ्याशी बोलू नकोस, घरी येऊ नकोस, तिला घेतलंच पाहिजे असंही नाही. बाकावर बस आणि तिची पावलं बघ. वळलेली तू पाहिलीस आणि तीच तुझ्या डोळ्यांत बसली. सरळ झालेली पाहिली नाहीस तर ती कधी निघायची?

मी जागा धरून ठेवेन.


२३ एप्रिल

आली नाहीस.

बाकावर पिशवी ठेवली होती. गर्दी वाढली तसे लोक विचारायला लागले, इथे कुणी आहे का. मी सांगत राहिलो, येतायत. शेवटी एक आजीबाई पोटुशी मुलगी घेऊन आल्या, मग उचलली पिशवी.

प्लास्टर निघालं. पावलं सरळ आहेत. अगदी आपल्या दोघांसारखी जमिनीवर बसतील अशी. कातडी सोललेली, मळाची पुटं, टाचेवर एक बारीक रेघ. मी बोटाने तळव्यावर घासलं तर तिने पाय झटकला. मोकळा पाय झटकणं म्हणजे काय हे तिला नवीनच होतं, मग झटकतच बसली. काका म्हणाले, "दाखवा, आईला दाखवा." मी म्हणालो, हो. आणि कुणाला दाखवू ते कळेना म्हणून परत त्यांनाच दाखवली.

आता बूट आले. दोन छोटे बूट आणि मधे एक पट्टी, पावलं बाहेर वळलेली राहावीत म्हणून. दिवसरात्र घालायचे, फक्त एक तास सुट्टी. मी चार ते पाच ठेवलीय, त्या वेळी दुकानात कुणी फिरकत नाही. बूट काढतो, आंघोळ घालतो, मग ती चटईवर पाय नाचवते. पाच वाजता परत बूट, परत रडारड. काही महिन्यांनी फक्त झोपताना घालायचे, पण तेही चार वर्षं. कंटाळून सोडले तर पाय पुन्हा वळतो. हे मला डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं. माझा चेहरा विसरणाऱ्याचा आहे बहुतेक.

आणि गंमत बघ, तिला घालायला कपडा नाही. मधे पट्टी, मग पॅन्टमध्ये पाय घालणार कसा? टेलरमास्तरची पोरगी टॉवेल गुंडाळून फिरतेय. मी दोनदा कापड घेऊन बसलो. खडू उचलला आणि ठेवला. दिवसाला वीस गणवेश कापतो मी, पण तिच्या कापडाला हात चालत नाही.

ताईला फोन केला होता. या वेळी तिने खरं सांगितलं. तू दिवसभर खिडकीशी बसतेस म्हणाली. औषध घेतेस, जेवतेस. माझी पत्रं वाचतेस आणि घडी करून उशीखाली ठेवतेस. ताईने विचारलं, शेजारणीची मशीन आणून देऊ का, जीव रमेल, तर तू पाय पोटाशी ओढून घेतलेस. हे ऐकून मी फोन ठेवला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याचं माप चुकीचं लिहिलं.


१५ मे

तुझं पुडकं मिळालं.

चिठ्ठी शोधली. कागद उलटापालटा केला, सुतळीसुद्धा बघितली. नाही. बारकीच्या तीन पॅन्ट आणि बाकी काही नाही. बरं तर, तुझी भाषा मला येते, मी तीच वाचतो.

आतल्या शिवणीला काज-बटण. म्हणजे पाय घालायचाच नाही, खालून घालून बटणं लावायची, मधली पट्टी जिथल्या तिथे. माझ्या डोक्यात आलं नाही ते. पत्र वाचून तू बसल्या जागी काढलंस. काजं तर अशी की आतून आणि बाहेरून सारखीच. आणि एकही टीप मशिनीची नाही. सगळं हाताने, उलटे टाके, एकाला एक लागून. बाहेरच्या बाजूची लांब शिवणसुद्धा हाताने. ती शिवण मशिनीवर किती चटकन होते हे मला माहीत आहे आणि तुलाही. तू पायडलवर पाय ठेवला नाहीस. डॉक्टरांचं म्हणणं मी लिहिलं, ते तू वाचलंस, आणि तरी माझं बोलणंच खरं धरलंस.

चार वाजता तिला घातली. बसली. नुसती बसली नाही, पोटरीवर अशी बसली की मी बघत राहिलो. मग दुकानातली सवय, काढून घडी घातली आणि पॅन्टचे दोन्ही पाय एकावर एक ठेवले. डावा पाय उजव्यापेक्षा करंगळीभर अरुंद. म्हटलं चुकली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकली. तिन्ही बघितल्या. तिन्ही तशाच. मग माझी टेप आणली आणि तिच्या पोटऱ्या मोजल्या. डावी बारीक आहे. दोन महिने मी हे पाय हातात घेतोय, पुसतोय, बुटात घालतोय, आणि मला दिसलं नव्हतं.

तुला कसं कळलं? तू तिचे पाय उघडे एकदाच हातात घेतलेस.

मग मला ती संध्याकाळ सगळी दिसली, पहिल्यांदा नीट. तू केस विंचरले होतेस. जन्मल्यापासून पहिल्यांदा. घमेल्यातलं पाणी कोमट होतं, कडेला दुपटं घडी करून ठेवलं होतं. बारकी तुझ्या मांडीवर होती आणि रडत नव्हती. आणि तुझ्या गळ्यात टेप होती. त्या टेपवर मी जोक केला होता गं, पहिल्या पत्रात. गिऱ्हाइकांना तू नेहमी म्हणायचीस, कपड्यावरून माप घेत नाही आम्ही, माप अंगावर घ्यायचं असतं. तू तिला काहीतरी शिवायला बसली होतीस. तिच्याकडे वळली होतीस. आणि मी दारात उभा राहून ते बोललो.

हे इथे लिहिलं, पण याची माफी कशी मागायची ते मला येत नाही.

थांब, संपलं नाही. त्यानंतर मी पॅन्ट उलटी केली. आनंदाने केली, खोटं कशाला बोलू. बटणं, उलटे टाके, डावा पाय. मला वाटत होतं, ही येते आता. खाली दुमड होती. मुलांच्या कपड्याला ठेवतोच आपण, वाढतं अंग म्हणून दोन बोटं. मी घडी उलगडली. आत आणखी एक घडी. ती उलगडली. आत आणखी एक. कंबरेतही तसंच, शिवणीतही तसंच. सगळं उलगडून टेबलावर पसरलं तर चार वर्षांच्या मुलीला होईल एवढं कापड. बूट सुटेपर्यंतचं.

आपल्या धंद्यात एवढं मार्जिन कोण ठेवतं? आपणच हसायचो अशा गिऱ्हाइकाला. ज्याला परत माप द्यायला यायचं नसतं, तो ठेवून घेतो.

टोपलीत ती स्वतःशीच बडबडत होती. हल्ली ब आणि भ म्हणते.

तर आता ऐक. ती घडी मी उलगडणार नाही. होती तशी परत घातली, इस्त्री केली. दोन ठेवून घेतल्या, तिला लागतात. तिसरी या पत्राबरोबर परत पाठवतोय. कारण लिहायचं तर लिहितो, कंबरेत घट्ट होतेय. खोटं आहे हे, तुला कळेलच. पण महिन्याभरात खरं होईल. आणि त्यानंतरच्या महिन्यात पोटरी बदलेल, डावी किती भरेल आणि उजवी किती, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांना नाही, मला तर नाहीच. चार वर्षांचं माप एका संध्याकाळी घेता येत नाही.

तू येशील तेव्हा मी दुकानात असेन, आतल्या खोलीत येणार नाही. वरच्या काकू दार उघडतील. तुझ्या मशिनीवरची चादर मी काढलेली नाही, तीही तशीच राहू दे. तुला फक्त चटईवर बसायचंय.

चार ते पाच तिचे पाय उघडे असतात. टेप तुझ्याकडेच आहे.